ओढ्याकाठचं ‘काही नाही’

“याला हात लावा, पण त्या काळ्याला नको,” क्रिसांता म्हणाली तेव्हा परदेशी पाहुण्याचा, हॅरल्डचा हात काळ्या खोडापासून वीतभरच दूर होता. त्याने तो घाईघाईने खिशात घातला.

“लागला असता तर?” त्याच्या बायकोने, जोनने विचारलं. ही बाई वही घेऊन आली होती आणि सकाळपासून तिने निम्मी वही भरत आणली होती.

“तर अंगभर फोड आले असते. मग मी या लाल झाडाची साल उकळून त्यांना अंघोळ घातली असती. दोघं शेजारी राहतात ते त्यासाठीच. एक भांडण लावतं, दुसरं मिटवतं.”

जोनने तेही लिहून घेतलं. मागून बेनेदिक्ता कोकने नुसतंच “हं” केलं. ते कौतुकाचं होतं की कुजकट, हे क्रिसांताला कळेना. सकाळपासून तिचं अर्धं लक्ष पाठीमागेच होतं.

बेनेदिक्ता ही डोंगरापलीकडच्या गावची सुईण. वय ऐंशीच्या पुढे, पायात नातवाचे गमबूट. पहाटेच्या बसमधून ती एकटीच उतरली आणि रानवाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. “मलाही ने,” म्हणाली. “अनाक्लेतोच्या पोरीला काय येतं ते बघू दे एकदा.” नाही म्हणायची सोय नव्हती. परदेशी पाहुण्यांना काहीही सांगा, ते लिहून घेतात. सुईणीपुढे थापा चालत नाहीत, आणि क्रिसांताला तर एक जुनी भीती होतीच.

अनाक्लेतो चोक म्हणजे तिचे वडील. पंचक्रोशीतले वैद्य. त्यांना मुलगा नव्हता. सातव्या वर्षापासून क्रिसांता कपाळाला पट्टा लावून त्यांची पाटी पाठीवर वाहत होती, आणि वाटभर तिची भुणभुण चालायची: हे काय, ते कशाला, हे कडू का, ते चिकट का. “तुझ्या तोंडाला झाकण नाही,” असं म्हणत म्हणतच त्यांनी तिला एक्केचाळीस झाडं शिकवली. त्याच एक्केचाळीस झाडांच्या जोरावर ती गेली एकोणीस वर्षं पाहुण्यांना रान दाखवत होती. बेचाळिसावं झाड मात्र त्यांनी शिकवलं नाही. ओढ्याकाठी जाड पानांचं, खालून जांभळं असं एक झुडूप होतं. विचारलं की ते म्हणायचे, “काही नाही. चल पुढे.” अखेरच्या आजारातही तिने विचारलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग तिने मनाशी उत्तर ठरवून टाकलं. मुलगी ती मुलगीच. पाटी वाहायला चालते, पण किल्ली काही तिच्या हातात देत नाहीत. गावही तेच बोलायचं, फक्त जरा हळू आवाजात. तिने ते पान चावून पाहिलं होतं, उकळून पिऊन पाहिलं होतं. जीभ थोडी बधिर झाली, बस. पाहुण्यांनी विचारलं की तीही म्हणायची, “काही नाही, चला पुढे,” आणि दर वेळी तिला आपण अर्धवट वैद्य असल्यासारखं वाटायचं.

चढण संपल्यावर हॅरल्ड पोट धरून थांबला. कालपासून बिघडलंय म्हणाला. क्रिसांता तीन टोकांच्या कडू पानापाशी वाकली.

“तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि आईचं.”

“आईचं कशाला? ती जाऊन तीस वर्षं झाली.”

“म्हणून काय झालं? पाल्याला कळायला नको, कुणाच्या अंगात जायचंय ते? आम्ही नाव सांगितल्याशिवाय पान खुडत नाही. ज्याच्या नावाने मागाल, त्याचंच काम ते करतं.”

“हॅरल्ड,” तो जरा लाजत म्हणाला, “मार्गरेटचा.”

क्रिसांताने झाडाला तसं सांगितलं, तीन पानं खुडली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने चावली आणि त्याचा चेहरा पिळून निघाला. जोन हसता हसता खाली बसली.

“पोटाला हे देतेस?” बेनेदिक्ताने आपल्या मोपान बोलीत विचारलं, म्हणजे पाहुण्यांना कळायला नको. “मी तापाला देते.”

“बाबा दोन्हीला द्यायचे.”

“तुझे बाबा हट्टी होते.” पण एवढं बोलून तिने क्रिसांताच्या पाठीवर थाप मारली. “हात मात्र त्यांचाच आहे तुला. देठ फाटू देत नाहीस.”

क्रिसांताला बरं वाटलं, आणि लगेच धाकधूकही वाढली, कारण पुढे ओढाच होता.

ओढ्याकाठी ते झुडूप कमरेएवढं माजलं होतं. जोनचं बोट तिकडे गेलंच. “आणि हे?”

“काही नाही. चला पुढे.”

“काही नाही?” मागून बेनेदिक्ता म्हणाली आणि एका दगडावर बसली. गमबूट काढून तिने पाय पाण्यात सोडले. आता ती उठायची नाही, हे क्रिसांताने ओळखलं. तिने पाहुण्यांना वरच्या डोहातले मासे बघायला पाठवलं आणि म्हातारीसमोर येऊन उभी राहिली.

“बोला आजी. हसायचं असेल तर हसून घ्या. मला हे झाड येत नाही. बाबांनी मला शिकवलं नाही.”

“का नाही शिकवलं?”

“मी मुलगी म्हणून. दुसरं काय?”

“वेडी आहेस,” बेनेदिक्ता म्हणाली. “हे बायकांचंच झाड आहे. मुलीला नाही तर कुणाला शिकवणार? बाळंतिणीचं रक्त थांबत नसलं तर याचा काढा देतात. जन्मलेलं पोर गार पडलं तर याच पाण्यात बुडवतात. तुझ्या बापाला हे माझ्याहून चांगलं येत होतं.”

क्रिसांता खाली बसली.

“तुझ्या जन्माला मी होते,” म्हातारी पाण्याकडे बघत सांगू लागली. “उजाडताना झालीस तू. निळी पडलेली, रडेना. अनाक्लेतो तसाच धावत इथे आला. तुझं नाव त्याने आधीच ठरवलेलं. झाडापुढे बसला आणि म्हणाला, क्रिसांतासाठी मागतो, एउलालियाच्या मुलीसाठी. पाटीभर पाला आणला. तुला पाण्यात घातली, तू रडलीस, आम्ही सगळे हसलो. आणि मग तिकडे तुझ्या आईचं रक्त जायला लागलं. उरलेल्या पाल्याचा काढा करून तिला दिला. थांबेना. पुन्हा इथे यायला वेळ कुठे होता? उन्हं वर यायच्या आत ती गेली.”

“पण पाला तर तोच होता.”

“तोच होता. पण मागितला होता तुझ्या नावाने. अनाक्लेतो म्हणाला, मी एकीचं नाव घेतलं, दुसरीचं विसरलो. दोघींचं घ्यायला हवं होतं. मी खूप समजावलं त्याला, अरे, असलं रक्त कधीकधी कशानेच थांबत नाही. ऐकेल तर शपथ. त्यानंतर त्याने याचं पान कधी खुडलं नाही. नावही घेतलं नाही.”

वरच्या डोहाकडून हॅरल्डचं हसू ऐकू आलं. क्रिसांताला बापाचा राग यायचा तो कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी दुसरंच काही आलं. भिंतीकडे फिरवलेलं ते तोंड तिला आठवलं. मरतानासुद्धा त्यांना हे बोलता आलं नव्हतं.

“म्हणजे माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“तुझ्यामुळे काय? दोन घटकांची होतीस. तुला कुणी विचारायला आलं होतं?” बेनेदिक्ताने पाय पुसले. “हे बघ, मी काही रान बघायला आलेली नाही. माझी नात मार्सेलिना, आमच्या रोसाउराची मुलगी, भरल्या दिवसांची आहे. अंगात रक्त कमी, नर्सबाईने तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलंय. जाणारच आहे ती. पण पाला मी बरोबर देणार. आमच्या डोंगरावरची झाडी तोडली, हे झुडूप औषधालाही उरलं नाही. तुझ्याकडे माजलंय. तुझ्या जन्मापासून त्रेपन्न वर्षं कुणी पाला नेला नाही म्हटल्यावर माजणारच.”

“मग घ्या ना तुम्ही.”

“वाट तुझ्या बापाची. हात तुझाच लागायला हवा. मी सांगते तसं कर.”

क्रिसांता झुडपापुढे गुडघ्यांवर बसली. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं वाक्य, तरी तिने ते आधी एकदा मनात म्हणून पाहिलं.

“मार्सेलिनाचंच नाव घे,” मागून म्हातारी म्हणाली. “बाळाचं वेगळं घेऊ, ते आल्यावर.”

“मार्सेलिनासाठी मागते,” क्रिसांता म्हणाली. “रोसाउराच्या मुलीसाठी.” तिने नऊ पानं खुडून म्हातारीने पुढे धरलेल्या झग्याच्या ओच्यात टाकली. देठ एकही फाटला नाही.

तेवढ्यात जोन वही सावरत परत आली. “हे काय खुडताय? मघाशी तर काही नाही म्हणालात.”

“मघाशी मला माहीत नव्हतं,” क्रिसांता म्हणाली. “सांगते. जरा थांबा, अजून एक राहिलंय.”

ती पुन्हा झुडपाकडे वळली. आता याचा कुणाला काही उपयोग नव्हता, हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिने एका पानाखाली बोट धरलं.

“एउलालियासाठी मागते,” ती म्हणाली आणि अडली. आई सीमेपलीकडच्या पेतेन मुलखातून आपल्या मावशीबरोबर आली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. रानातल्या पानापानाची चौकशी करत हिंडलेल्या बाईने आपली आई कुणाची लेक, हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

तिने मान वळवून बेनेदिक्ताकडे पाहिलं.

“फेलिपाची,” म्हातारी म्हणाली.

“फेलिपाच्या मुलीसाठी,” क्रिसांताने झाडाला सांगितलं, आणि पान खुडलं.