सख्खा मामा

प्लास्टरच्या खोलीबाहेर सकाळी नऊलाच रांग लागली होती. मनगट मोडलेली एक आजी, सायकलवरून पडलेला पोस्टमन, आणि जिन्यावरून घसरलेली एक बाई. ती घसरली नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, पण विचारतो कोण?

प्लास्टर घालणारा गृहस्थ पंचेचाळिशीचा होता. इस्पितळात अशा माणसांना मामा म्हणायचा रिवाजच आहे, तेव्हा डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा तो मामा. कोमट पाण्याच्या घमेल्यात पट्टीचा रोल सोडायचा, बुडबुडे थांबले की हलकेच पिळून काढायचा आणि हात चालवत राहायचा. "आजी, हात माझ्याकडे द्या आणि तोंडाने सुनेची गाऱ्हाणी सांगा," असं म्हणून त्याने आजीला हसवलं, आणि हसता हसता मनगट बसवूनही टाकलं.

त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर सोन्याचा मुलामा दिलेलं एक चिन्ह होतं. शहरात तरुण मुलामुलींचं प्रथमोपचार पथक होतं. आग लागली, अपघात झाला की निळ्या गणवेशातली ही मुलं स्ट्रेचर घेऊन धावायची. दरवर्षी त्यातल्या एकालाच सुवर्णचिन्ह मिळे, आणि मामाला ते विसाव्या वर्षी मिळालं होतं. बाप हमाल, आयुष्यभर लोकांनी 'ए' म्हणून हाक मारलेला. त्याच्या पोराला लोक 'अहो' म्हणू लागले ते या चिन्हामुळे. नोकरी त्यानेच मिळवून दिली. मामा आंघोळीला जातानाच काय ते काढून ठेवी!

यंदा ते त्याच्या भाच्याला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. मामानेच त्याला टेबलाच्या पायावर पट्ट्या बांधायला शिकवल्या होत्या. गाठ नेहमी धडधाकट बाजूला आणि टोकाला एक जादा पीळ, ही मामाची खास पद्धत. आता तो बावीस वर्षांचा होता, लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा आणि संध्याकाळी पथकात असायचा.

त्या दिवशी दुपारी पथकाचे प्रमुख मामाला भेटायला आले. निवृत्त शाळामास्तर, सगळे त्यांना 'सर' म्हणत, आणि त्यांचा आवाज कधी म्हणजे कधी चढत नसे.

"तुमच्या भाच्याचं जरा बोलायचं होतं. सिनेमात एका मुलाच्या हातात हात घालून बसला होता म्हणे. मी बोलावून विचारलं. वाटलं, नाही म्हणेल, आपणही विषय सोडून देऊ. तर हा सरळ हो म्हणाला."

"हो म्हणजे?"

"म्हणजे तसला आहे तो, मामा."

सर शांतपणे पुढे बोलत राहिले. पथकाची मुक्कामी शिबिरं असतात, पालक प्रश्न विचारतात, देणगीदार विचारतात. "आम्ही काढून टाकलं तर गावभर बोभाटा होईल. त्याने स्वतःच राजीनामा दिला, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं ऐकेल तो. तुम्ही सख्खे मामा आहात."

सरांनी मामाला मामा बनवला तो असा. आणि वाईट याचं की तो राजीखुशीने बनला.

संध्याकाळी तो अक्काकडे गेला. अक्का भाजी निवडत बसली होती. भाचा नुकताच कामावरून आला होता, नखांत अजून ग्रीस होतं.

"काय रे, तोंडाला कुलूप नाही तुझ्या? नाही म्हणायला काय झालं होतं?"

"पथकाचं पहिलं वचन काय आहे, मामा? खोटं बोलणार नाही. तूच पाठ करून घेतलंस ना माझ्याकडून?" भाचा म्हणाला. "मी गे आहे. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"अरे, वचनं कवायतीपुरती असतात!"

अक्काने सुरी खाली ठेवली. "त्याने कुणाचं काय घोडं मारलंय? मला चार वर्षं ठाऊक आहे. रडायचं तेवढं रडून झालं माझं. कमावतो, माझ्या गोळ्या आणतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? अक्का, मान वर करून चालायला एक गोष्ट मिळाली मला जन्मात. उद्या लोक म्हणतील, बघा, सुवर्णचिन्हवाल्याच्या घरात तसला निघाला."

मामाने कोरा कागद काढला. "लिही. वैयक्तिक कारणास्तव मी पथकाचा राजीनामा देत आहे."

"वैयक्तिक कसं? कारण तर त्यांचं आहे."

"लिही म्हटलं ना!"

भाच्याने लिहिलं, सही केली, गणवेश घडी करून पिशवीत घातला आणि पिशवी मामाच्या हातात दिली. भांडण नाही, तंटा नाही. पण त्या दिवसानंतर मामा घरी आला की तो म्हणू लागला, "या, बसा." पाहुण्याला म्हणावं तसं. अंगाखांद्यावर खेळलेलं पोर 'तुम्ही' म्हणू लागलं की कसं लागतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. मामाने मनाची समजूत घातली, होईल हळूहळू सगळं ठीक.

दोन महिन्यांनी एका बांधकामावरची परांची कोसळली. अपघात विभागातून मामाला बोलावणं आलं. खाटेवर साठीचा एक गवंडी कण्हत होता. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, पाऊल गार पडलं होतं. पायाला फळ्या लावलेल्या होत्या, गुडघ्याजवळच्या गाठी अगदी जिथल्या तिथे होत्या. घोट्याजवळ मात्र बंधनच नव्हतं. पट्टी नुसतीच लोंबत होती.

"कोणत्या गाढवाने बांधलंय हे? अर्धं काम करून हात वर केले!" मामा ओरडला.

"त्या पोराला बोल लावू नका हो," गवंडी दात आवळून म्हणाला. "आमच्याच इमारतीत लिफ्टचं काम करतो. छान बांधत होता. म्हणाला, काका, एक गाठ राहिली, ती झाली की हलवू. तेवढ्यात ते निळ्या कपड्यांतले आले. एक जण म्हणाला, तू हात लावू नकोस, तुझा हात नको. धरून मागे ओढला त्याला. तो बिचारा ओरडतोय, घोटा बांधा, घोटा बांधा! हे हसले आणि मला उचलून निघाले. जिन्यात पाय लोंबकळला, आणि मग... मग मला कळलंच नाही काही."

मामाने वरच्या गाठी पाहिल्या. धडधाकट बाजूला होत्या, टोकाला एक जादा पीळ. त्याने त्या एकेक करून कापल्या.

तिसऱ्या दिवशी गवंड्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "एरवी वाचलाच असता असं शपथेवर नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "पण जिन्यात लोंबकळायला नको होता." गवंडी शुद्धीवर आल्यावर चादरीखाली हात घालून चाचपत राहिला. मामाला तिथे उभं राहवलं नाही.

त्याच संध्याकाळी तो पथकाच्या मैदानावर गेला. कवायत चालू होती. त्याने चिन्ह आणि एक कागद सरांपुढे ठेवला.

"परत?" सरांनी चष्मा काढला. "अहो, परत घ्यायची सोयच नाही नियमात. रजिस्टरला तसा रकानाच नाही."

"मग आखून घ्या."

सरांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, भावनेच्या भरात लिहिलंय तुम्ही. निदान वैयक्तिक कारणास्तव असं तरी घाला."

"ते एकदा घातलं. त्यात एका माणसाचा पाय गेला."

मग कागद परत घेऊन तो मुलांच्या रांगांसमोर उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. आयुष्यात कधी चार लोकांपुढे बोलला नव्हता. आवाज फाटत होता. "माझा भाचा समलिंगी आहे. या मैदानात त्याच्याइतकी चांगली पट्टी बांधणारा दुसरा नव्हता. त्याला काढायला मी हातभार लावला. जखमीच्या पायापेक्षा मदतीचा हात कुणाचा, हे ज्या पथकाला मोठं वाटतं, त्याचं चिन्ह मला नको."

मागच्या रांगेतून कुणीतरी "तसल्याचा मामा" म्हणालं आणि खसखस पिकली. पुढच्या रांगेतली एक मुलगी रडत होती, पण रांग सोडून ती पुढे आली नाही. कुणीच आलं नाही. सरांनी शिट्टी वाजवली, कवायत पुन्हा सुरू झाली.

इस्पितळाचे अधीक्षक पथकाचे आश्रयदाते होते. आठवड्याच्या आत मामाची बदली तळघरातल्या मळक्या चादरींच्या कोठारात झाली. ते त्याने मुकाट्याने सोसलं. त्याचा जीव अडकला होता तो दुसरीकडे. या सगळ्यानंतर तरी पोर आपलं होईल, या आशेवर रविवारी तो अक्काकडे गेला.

"परत केलं मी," तो म्हणाला.

"ऐकलं," भाचा म्हणाला. दाराच्या बिजागरीला तेल घालत होता तो. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"गवंडीकाकांचा पाय वाचला असता, तरी परत केलं असतंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं! अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मामाची मान खाली गेली.

"नाही," तो म्हणाला. "नसतं केलं."

"म्हणजे मला हाकललं, ते तुम्हाला पुरेसं नव्हतं."

"नव्हतं रे."

भाच्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. "मग पत्र अर्धवटच लिहिलंत तुम्ही," तो म्हणाला, आणि तेलाची कुपी घेऊन आत गेला.

मामा तिथेच टेबलाशी बसला. सुवर्णचिन्ह मिळालेली आणखी तेवीस माणसं शहरात होती. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी शाळेत मुख्याध्यापक. भाचा सगळ्यांचा लाडका होता, आणि तो का गेला हेही सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काकडून वही मागून घेऊन त्याने तेवीस पत्रं लिहिली. हात दुखून आला तरी उठला नाही. प्रत्येकात मजकूर एकच होता:

"माझ्या भाच्याला पथकाबाहेर काढलं, त्याच दिवशी मी चिन्ह परत करायला हवं होतं. केलं नाही. माझे डोळे उघडायला एका परक्या माणसाचा पाय जावा लागला, याची मला जन्मभर लाज वाटेल. तुमचंही चिन्ह अजून तुमच्याच घरात आहे. तुम्ही कुणाचा पाय जायची वाट पाहताय?"