महाराजांच्या रक्ताचं माप

नागभीडच्या स्टेशनाबाहेर चिंचेखाली ही गर्दी! रक्तपारखी महाराजांनी दोन काचनळ्या उंच धरल्या. दोन्हींत सारखाच गर्द भगवा रंग.

"देखो भक्तहो! ही नळी माझ्या रक्ताची, ही मंगलीच्या रक्ताची. विभूतीनं पोरीचं रक्त माझ्यासारखं शुद्ध झालं. आता कशाला पाहिजे दवाखाना?"

"जय हो!" लोक ओरडले. माझं टाळकंच सरकलं. सात वर्षांच्या मंगलीचे डोळे सुजेनं मिटले होते, लघवी आटली होती, आणि तिची आई भागीरथा नागपूरच्या गाडीसाठी बांधलेलं गाठोडं सोडत बसली होती.

"अवो भागीरथाबाई, गाडी येऊन राह्यली!" मी म्हणालो.

"येऊ द्या, मास्तर. बरी झाली म्हणून राह्यले महाराज. काऊन उगीच सुया टोचू देऊ पोरीले?"

मंगलीला नागपूरला न्या म्हणणाऱ्या डॉक्टर इंदुताई धापा टाकत आल्या. नळ्या पाहून थबकल्या.

"महाराज, मास्तरांच्या वच्छलेचंही रक्त पारखा की. मंगलीच्याच वयाची आहे."

माझी वच्छला म्हणजे ठणठणीत पोर. टोचून घेतलं आणि सरळ चिंचेवर चढली. चेल्यानं रक्त गाळलं, पिवळी दवा घातली. माझा जीव सिग्नलकडे लागलेला. वच्छलेची नळी मात्र फिकीच राहिली.

"अरेरे! ही पोर तर मरणाच्या दारात!" महाराज कळवळले.

तेवढ्यात वरून त्यांच्या जटांवर चिंच आदळली. मरणाच्या दारातली पोर फांदीवर खिदळत होती. गर्दी फस्सकन हसली.

"ही दवा प्रयोगशाळेतली," इंदुताई म्हणाल्या. "कुणाच्याही रक्ताला रंग आणते. शरीरातला जो कचरा मूत्रपिंडं बाहेर टाकतात, तो रक्तात जास्त साचला की रंग गर्द. महाराजांसारख्या धिप्पाड माणसात तो मुळातच जास्त असतो, लेकरात कमी. निरोगी लेकराची नळी अशी फिकीच हवी. मंगलीची महाराजांएवढी गर्द, म्हणजे तिची मूत्रपिंडं थकली. बैलाचं ओझं वासराच्या पाठीवर बघून तुम्ही जयजयकार करताय!"

चेल्यानं हळूच पेटी आवरायला घेतली. गाडीची शिट्टी झाली. भागीरथानं मंगलीला कडेवर उचललं.

"महाराज, तुमचं रक्त तुमच्यापाशीच ठेवा! माह्या पोरीले पोरीच्याच मापानं मोजीन मी!"

ती धावली. गाठोडं घेऊन मी मागे. गाडी मिळाली, म्हणून मंगली आज आहे. बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा: मोजलं कुणाला, आणि माप कुणाचं?