समोरून

दादाने मला दुपारपर्यंतची मुदत दिली तेव्हाच त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला होता.

"दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय," तो म्हणाला. "त्याच्या आत ह्या म्हाताऱ्या लेथवर पाइपाच्या निपलाला गेज बसेल असे आटे पाडून दाखव. पाडलेस तर लेथ राहील, निपलांचं काम तू कर. नाहीतर लेथ गेला, आणि तू माझ्याबरोबर ऑफिसात."

ऑफिसात म्हणे. बाबा गेल्यापासून वर्कशॉप आम्हा दोघांचं. तो गिऱ्हाइकं सांभाळतो, मी लेथ. लेथ गेला तर मी काय करायचं, त्याच्या बिलांना टाचण्या टोचत बसू? मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं वाटतही नाही.

हा टरेट लेथ. याच्या टरेटला, म्हणजे फिरत्या ठोकळ्याला, सहा तोंडं, प्रत्येक तोंडावर एक हत्यार. दांडा मारला की पुढचं तोंड कामावर हजर. एकदा नीट लावला की दिवसभर एकासारखा एक तुकडा पडत राहतो. अक्कल लागते ती लावताना, आणि ती दुकानात मिळत नाही.

आल्या आल्या बाह्या वर सारल्या. पहिल्या तोंडावर अडसर लावला, सळई येऊन टेकते तो. मग बाहेरून सोलणारं टूल, मग ड्रिल, मग टोकाची कड मारणारं. डाय हेड, म्हणजे आटे पाडणारं हत्यार, दादाने सकाळीच शेल्फवरून काढून, रॉकेलमध्ये धुऊन, बसवून ठेवलं होतं. मी मनात म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला. एवढं म्हणून गप्प बसले, तीच चूक झाली.

पहिला तुकडा पडला. आटे कसले, उंदराने कुरतडलेलं लोखंड. स्पीड कमी केला, तेल वाढवलं, सळईचा मध्य आणि हेडचा मध्य पुन्हा जुळवून घेतला. दुसरा तुकडा तसाच. तिसरा त्याहून वाईट. आटे तपासायची गेजची रिंग एका आट्यावरही चढेना.

दादा चहाचा कप घेऊन दारात उभा. "म्हातारा झालाय गं तो. मान्य कर."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. आत जा, बिलं कर."

"मी आपलं सांगितलं."

"कुणी विचारलं होतं?"

तो गेला. मी डाय हेड उघडलं. आत चेझर असतात, दातांच्या चार पट्ट्या, एक ते चार नंबर टाकलेल्या. एकीने सोडलं तिथून दुसरीने उचलायचं, त्यामुळे चौघींनी आपापल्या खाचेतच बसावं लागतं. आमच्या हेडवरचे खाचांचे नंबर कधीच झिजून गेलेत. कुठली खाच कुणाची हे ठाऊक असावं लागतं. मी पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एक आणि तीन जागेवर, दोन आणि चारची अदलाबदल.

"दादा, इकडे ये. आत्ता ये."

तो आला.

"मुद्दाम केलंस ना? लेथ भंगारात जावा म्हणून?"

"वेड लागलंय का तुला? तुझा वेळ वाचावा म्हणून बसवलं. बाबा सांगायचे तसंच बसवलंय. समोरून बघून, वरच्या खाचेपासून उजवीकडे गोल फिरत एक, दोन, तीन, चार."

"समोरून म्हणजे कुठून?"

तो लेथच्या शेपटाकडे गेला आणि टरेटच्या पाठीमागे उभा राहिला. "इथून."

"ती पाठ आहे रे. सळई जिकडून येते ते समोर. तिकडून वाकून बघायचं. पाठीमागून बघितलं की सगळं उलटं होणारच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

"मग लाव ना नीट. मी धरतो."

"हात लावू नकोस. लांब उभा राहा."

तो लांब उभा राहिला. मी चेझर बदलले, हेड बंद केलं, दांडा मारला. तेलाचा धूर निघाला, बुरा सुटून आला, शेवटाला पोचताच हेड खटकन उघडलं. निपल पुसला आणि रिंग फिरवली. बोटाने ढकलल्यासारखी आतपर्यंत गेली. दुसरी रिंग, आटे बरोबर असतील तर जी चढता कामा नये, ती तोंडाशीच अडली. अगदी अडायला हवी तिथेच.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दादाने निपल हातात घेतला, रिंग स्वतः फिरवून पाहिली आणि बाहेर गेला. भंगारवाल्याची कुरकुर ऐकू आली, मग टेम्पो गेल्याचा आवाज. दादा परत आला आणि पुन्हा तिथेच, टरेटच्या पाठीमागे उभा राहिला.

माझा राग काही उतरला नव्हता. "जन्म गेला ह्या वर्कशॉपात आणि तुला लेथचं समोर कुठलं, मागचं कुठलं, ते कळत नाही?"

"कसं कळणार?" तो म्हणाला. "बाबा मला इथेच उभं करायचे. तिकडे तू असायचीस. एकदा पुढे आलो तर म्हणाले, हात लावू नकोस, लांब उभा राहा."

चिडले होते, पण आता दादावर नाही. जो माणूस भिंतीवर फोटोत बसलाय त्याच्याशी भांडायची सोय नाही, याचाच संताप आला. आणि त्याचे शब्द आत्ताच माझ्या तोंडून जसेच्या तसे निघाले होते, त्याचा जास्त.

मी मशीन बंद केलं. डाय हेड पुन्हा उघडलं, चारही चेझर काढले आणि दादाच्या हातावर ठेवले.

"अगं, लागलेलं सेटिंग जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. तू बसव."

"चुकलो तर?"

"चुकलास तर शिव्या घालीन आणि परत बसवायला लावीन. पाठीमागे काय उभा आहेस? असा इकडे ये. समोर."