मी दुधाची नव्हते

मी दाढ बोलतेय. खालच्या ओळीतली, डाव्या बाजूची, मधल्या दातापासून मागे मोजत गेलात तर सहावी. मोजा, मी थांबते. फक्त एक उपकार करा, मला दुधाचा दात म्हणू नका. त्या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं, आणि माझा स्वभाव आधीच तापट.

मी जन्मले तेव्हा घरात कोणाला पत्ताही लागला नाही. समोरचा दात पडला की केवढं कौतुक होतं! आरसा काय, फोटो काय. मी आले ती सगळ्यांच्या मागे, अंधारात, कोणाला न पाडता, कोणाची जागा न घेता. तेव्हा आमची मालकीण सहा वर्षांची होती. 'मागे टोचतंय' म्हणून दोन दिवस कुरकुरली आणि विसरली. उरलेल्या तीन कोपऱ्यांत त्याच सुमारास माझ्या तिघी बहिणी आल्या. आम्ही चौघी कायमच्या. आम्ही गेलो तर आमच्या जागी दुसरं कोणी उगवत नाही. पण हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मालकिणीला सगळे टकळी म्हणत. डोळे उघडले की तोंडही उघडायचं ते झोपेपर्यंत मिटायचं नाही. त्याचा मला फायदा झाला. तोंड सदा उघडं, त्यामुळे मला घर बघायला मिळालं. पुढच्या खोलीत तिच्या आईचं शिवणकाम चालायचं. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे, भिंतीवर एक लाकडी फळी आणि तिच्यावर टाचण्यांनी लावलेल्या मापांच्या चिठ्ठ्या. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात टकळी, आई आणि आईचे वडील, म्हणजे आजोबा.

आई हुशार बाई, पण दातांच्या बाबतीत तिचा आनंदच होता. कात्री हाताशी असून दोरा दाताने तोडायची. ओठांत चार टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची. टकळीचा ब्रश झिजून केरसुणी झाला होता, तरी तोच चालू. सकाळी तो समोरच्या दातांना धावती भेट देऊन जायचा, माझ्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही. रात्रीचं तर नावच नको. आजोबा म्हणायचे, "आम्ही कुठे रात्री दात घासले? काय बिघडलं आमचं?" आणि एवढं बोलून आपले दात काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायचे.

माझ्या मागे लागलेल्या साडेसातीची सुरुवातही आजोबांच्या हातूनच झाली. आई माप घेत असली की टकळीची बडबड मध्ये यायची.

"अगं, जरा गप बस! बाही एकवीस की बावीस? विसरले बघ."

मग आजोबा खिशातून साखरेची गोळी काढायचे. "घे गं. चावू नकोस, चघळ. चघळली की जास्त वेळ टिकते."

माणूस प्रेमळ हो, शंका नाही. पण ती गोळी टिकायची ती माझ्या शेजारी, डाव्या गालात. दर गिऱ्हाइकाला एक गोळी. आणि हंगामात दिवसाला दहा गिऱ्हाइकं.

लोक म्हणतात दाताला कीड लागली, जणू कुठून अळी आली. तसं काही नसतं. साखर मिळाली की तोंडातले जंतू आंबट पाणी सोडतात आणि त्याने माझं कवच मऊ पडतं. लाळ बिचारी ते धुऊन काढते, पण तिला वेळ द्यावा लागतो. एकदाच पोटभर गोड खाल्लं असतं तर तिने निभावून नेलं असतं. अर्ध्या अर्ध्या तासाला नवी गोळी आली तर ती तरी काय करणार? माझ्या डोक्यावर खोल घळी आहेत, त्यांत गोडाचा चिकटा बसला तो बसलाच. आधी पांढरा डाग पडला, मग तपकिरी, मग काळा ठिपका. ठिपक्याच्या खाली मी आतून पोखरली जात होते आणि वरून कोणाला काही दिसत नव्हतं.

टकळी आठ वर्षांची असताना शाळेत दातांच्या डॉक्टरबाई आल्या. छोटा आरसा आत घातला आणि त्यांची नजर थेट माझ्यावर थांबली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला ओळखलं होतं.

"ही दाढ कायमची आहे हं, बाळ. आतून किडायला लागलीय. आईला सांग, आठ दिवसांत दाखवायला या."

आणि चिठ्ठी लिहून दिली.

टकळीने घरी येऊन सांगितलं. अगदी सगळं सांगितलं. कोण रडलं, कोणी डॉक्टरबाईंचं बोट चावलं, कोणाच्या तोंडाला वास येत होता, डॉक्टरबाईंच्या चपलांना कशी फुलं होती, आणि मध्येच, "ती मागची कायमची आहे म्हणाल्या," आणि लगेच पुढे, रांगेत कोणी कोणाला ढकललं. त्या सतराशे साठ गोष्टींत माझं एक वाक्य वाहून गेलं. मशीन घरघरत होतं. आईने चिठ्ठीवर नजर टाकली. त्यात 'खालची डावी दाढ किडली आहे, तपासणीस आणावे' एवढंच होतं.

"दुधाचीच असणार," आई म्हणाली. "आत्ता कुठे समोरचे पडताहेत. पडेल आपोआप आणि नवीन येईल. गणवेशांची गडबड संपली की जाऊ."

मी ओरडले. दाढ ओरडली तर कोणाला ऐकू येणार? चिठ्ठी फळीवर लागली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर एका गणवेशाचं माप लागलं, मग दुसरं, मग तिसरं. आठवड्याने तिचा कोपराही दिसेना.

एक महिना गेला. दोन गेले. माझ्या डोक्यावरचं छप्पर एका दुपारी भाजलेला शेंगदाणा चावताना खचलं. आता उघड खड्डा पडला. जेवलं की घास आत अडकायचा, गार पाणी आलं की टकळीच्या पार कानापर्यंत कळ जायची. ती उजवीकडून चावायला लागली. डावीकडे ब्रश तर सोडाच, जीभसुद्धा फिरकेना.

तुम्ही म्हणाल, एवढी बडबडी पोर, दुखतंय म्हणून बोलली कशी नाही? त्याला कारण होतं. तिचा पहिला दात हलत होता तेव्हा आईने मशीनच्या रिळाचा दोरा बांधून हिसका दिला होता. सगळे हसले होते, तीही हसली होती. पण ती भीती तिच्या पोटात राहिली होती. आता मागचं दुखतंय म्हटलं तर पुन्हा दोरा येणार, हे तिने मनाशी पक्कं धरलं. म्हणून ती बोलली नाही. आधी दुखण्याबद्दल बोलली नाही, मग तोंड उघडलं की वारा लागून कळ यायची म्हणून काहीच बोलेना.

टकळी गप्प झाली. आणि घरात काय झालं ठाऊक आहे? सगळे खूश! तीन दिवस आईचं एकही माप चुकलं नाही.

"किती शहाणी झालीय नाही माझी बाय," आई म्हणाली.

आजोबांनी शाबासकी म्हणून गोळी दिली. तिने ती मुठीत धरून ठेवली, खाल्ली नाही. त्या बंद तोंडात मला काही दिसत नव्हतं, फक्त माझ्या मुळाशी ठसठस वाढत चालली होती. पू साठत होता आणि बाहेर पडायला वाट नव्हती. मला स्वतःची भीती वाटत होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त तिची वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी आई उठवायला आली आणि हातातलं पांघरूण तिथेच टाकलं. टकळीचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता. अंग तापाने फणफणत होतं.

"बाबा! लवकर या, हिचं तोंड बघा!"

आजोबा कवळी न घालताच धावत आले. काहीतरी बोलले ते कोणालाच समजलं नाही. आईने फळीवरच्या चिठ्ठ्या ओरबाडल्या. मापं जमिनीवर पडली, टाचण्या पडल्या आणि सगळ्यांत खाली ती चिठ्ठी निघाली. आईने तारीख वाचली. सहा महिने झाले होते.

दवाखान्यात त्याच डॉक्टरबाई. आई धापा टाकत म्हणाली, "डॉक्टर, दुधाचीच आहे ना? काढून टाका. नवीन येईल."

डॉक्टरबाईंनी आरसा आत घातला. मग माझा एक्स-रे काढला, तो उजेडासमोर धरला.

"ही दुधाची नाही. सहाव्या वर्षी येते ती कायमची दाढ. कोणताही दात न पडता मागे येते, म्हणून निम्मे आईबाप फसतात. मागून बाराव्या वर्षी एक येईल, पण ती वेगळी. हिच्या जागी दुसरी नाही."

आईने खुर्चीचा हात धरला. "सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

"तर पंधरा मिनिटांचं काम होतं. साफ करून भरून दिली असती." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आधी सूज उतरू दे. पाच दिवसांनी बघू. वाचवता आली तर वाचवू."

ते पाच दिवस कसे गेले, माझं मला माहीत. आईने मशीनवर चादर टाकली. वेळेवर औषध, कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि नव्या मऊ ब्रशने माझ्याभोवती हलक्या हाताने घासणं. आयुष्यात पहिल्यांदा ब्रश माझ्यापर्यंत आला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण बैल अजून पुरता गेला नव्हता, आणि मला आशा होती. मी हिरडीला घट्ट धरून बसले.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाईंनी किडलेला भाग कोरायला घेतला. कोरत गेल्या, कोरत गेल्या, आणि हात थांबवला. माझी एक भिंत हिरडीच्या खालपर्यंत फुटली होती.

"बांधायला काही उरलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

टकळीने इतकंच विचारलं, "दोरा बांधणार?"

"नाही गं राणी. सुई टोचली की बधिर होईल. दुखणार नाही."

आणि दुखलं नाही, तिला. समोरच्या कोपऱ्यातली माझी बहीण शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.

निघताना डॉक्टरबाईंनी आईचीही हजेरी घेतली. "तुमचे समोरचे दात दाखवा. ही खाच कशाची? दोरा दाताने तोडता ना? बंद करा. दोन वेळा घासा, दोन मिनिटं, रात्रीचं तर चुकवूच नका. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पेस्ट हिला वाटाण्याएवढी. ब्रश तीन महिन्यांनी बदला. आणि मागच्या दाढा तुम्ही स्वतः घासून द्या, एवढ्या लहान हाताला ते जमत नाही. दर सहा महिन्यांनी मला तोंड दाखवा, दुखत नसलं तरी."

मी आता आईच्या बटणांच्या डब्यात असते. पांढऱ्या सदऱ्याची बटणं शोधताना तिचं बोट माझ्यावर येतं आणि थबकतं. आजोबांनी गोळ्यांची बरणी घराबाहेर काढली. खिसा मात्र अजून चाचपतात, सवय जात नाही. टकळी पुन्हा बोलू लागली आहे, आईची मापं पुन्हा चुकू लागली आहेत आणि ती मुकाट्याने दुसऱ्यांदा टेप लावते. दोरा कात्रीने तोडते.

रोज जेवण झालं की तिघं मोरीपाशी उभे राहतात. आजोबा हातात घड्याळ धरून दोन मिनिटं मोजतात, मग आपली कवळी ब्रशने घासतात. पण परवापर्यंत टकळी रोज तोंड उघडून विचारायची, "आई, बघ ना, नवीन आली का?" आणि आई म्हणायची, "बघू."

काल आईने ब्रश खाली ठेवला.

"नाही येणार, बाळा. ती दुधाची नव्हती. तू मला सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

टकळी गप्प झाली. मला तर त्या गप्प बसण्याची धडकीच भरली. मग ती म्हणाली, "मग उरलेल्या तीन?"

"त्या आहेत. आ कर."

डब्याचं झाकण बंद असलं तरी ब्रशचा आवाज येतो मला. मागे, अगदी मागेपर्यंत जातो तो आता.

तुमच्याकडे सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला उद्या उजेडात उभं करा आणि आ करायला सांगा. मधून मागे मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावी दिसली तर त्याच रात्रीपासून तिथपर्यंत ब्रश न्या. काळा ठिपका दिसला तर गडबड संपायची वाट बघू नका. आणि स्वतःचंही तोंड उघडून बघा, तुमच्याही चौघी आत असतील.

आजोबा म्हणतात, निरोप घेताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. पण त्या पोरीशी 'नवीन येईल' असं एकदा खोटं बोलणं झालं, आता पुन्हा नको.

मी जाते.