लाल गाठोडं

"सोड ते गाठोडं. बठ्ठासना समोर सोड," अभिमन म्हणाला. त्याची फटफटी मागे, कपाशी उपटलेल्या रानात धापा टाकून बंद पडली होती.

"मी नही सोडत," जीवराम म्हणाला.

चोपड्याजवळची ही फटफट्यांची शर्यत जळगावचा जीवराम मेकॅनिक सलग तिसऱ्या वर्षी जिंकला होता. बाकीच्यांची इंजिनं अर्ध्या वाटेत गुदमरत. याचं गाणं म्हणत येई. हँडलमागे मात्र लाल लुगड्याचं एक गाठोडं, तेलाने ओघळलेलं.

पंच निंबा आबांनी आवाज उतरवला. "जीवराम, गाठ तुनी बायकोनी मारी. दात लाईसन. मी मना डोयाघाई दखं."

"मना हात तेलकट व्हतात, आबा."

"ती बाई जठे दखस, तठेच इंजन बंद पडस," गर्दीतून कुणीतरी बोललं. "तिले कायतरी येस."

पुढचा शब्द कुणी उच्चारला नाही. सातपुड्याच्या पायथ्याला तो उच्चारावा लागत नाही. एकदा चिकटला की बाईला विहिरीवर कुणी दोर देत नाही. बांधाशी उभ्या त्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या, शेजारच्या बाया हळूच सरकल्या. एकीने लेकराचं तोंड पदराआड घेतलं. तानुबाई जमिनीकडे बघत राहिली.

जीवरामने एकेक चेहरा न्याहाळला. हा अभिमनचा डाव तर नाही? गाठोडं उघडलं की गुपित गेलं. या जिंकण्यावरच तर त्याच्या गॅरेजपुढे लांबलांबच्या गाड्या उभ्या राहत होत्या.

मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि खाली वाकला. गाठ सुटेना. त्यानेही दात लावले.

आत तसलं काही नव्हतं. तेलात भिजवलेलं जुनं लुगडं, घडीवर घडी. त्या घड्यांच्या पोटातून निघालेली सायकलची ट्यूब टाकीखालून कार्बोरेटरपर्यंत गेलेली.

"इंजन बी श्वास लेस," तो रानातल्या धुळीकडे बोट करून म्हणाला. "खाले बठ्ठी धूय. म्हनीसन हवा वरतीन लिन्ही. लुगडं धूय धरी ठेवस. हाई मनी बायको कापूसना जिनिंगमा नाकले ओला पदर बांधस, ते दखीसन सुचनं माले."

"इतलंच?" आबा हसले. माणसं हसली. अभिमन मात्र हसला नाही. घड्या बोटाने चाचपत त्याने विचारलं, "तेल कोनतं लावस, भाऊ?"

जीवरामने तेही सांगितलं.

सरकलेल्या बाया परत शेजारी आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी रानात लाल, हिरवी, जांभळी गाठोडी धावली. एकही इंजिन गुदमरलं नाही. अभिमन पहिला आला. जीवरामची म्हातारी फटफटी मागून, धुळीत बुडून येत होती.

बांधावर तानुबाईच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळीच होती. धुळीचा लोट आला तसा तिने तांब्यातल्या पाण्यात पदर बुडवला, नाकावर बांधला. पलीकडून एका बाईने तिरक्या नजरेने ते पाहिलं. मग खोकत खोकत, नजर न मिळवता, तिने तांब्यासाठी हात पुढे केला.