केकखालचा कागद

ओव्हनमधून धूर निघाला तेव्हा धम्मदीपा क्रीम फेटत होती. हातातलं भांडं तसंच ठेवून तिने ओव्हनचं दार उघडलं. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला वास घरभर पसरला.

केक छान फुगला होता. पण उलटा केला तर बुडाचा कागद सुटेना. नखाने ओढला तर केकची सालच निघून आली आणि बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं. मेण! कागदावरचं सगळं मेण वितळून केकात मुरलं होतं. दुसऱ्या डब्यातल्या केकचीही तीच गत.

हे दोन्ही थर मंजूच्या लेकीच्या केकचे होते. मंजू तांड्यावरची, धम्मदीपाची मैत्रीण. लेकीचा पहिला वाढदिवस आजच संध्याकाळी होता.

वासाने सासू लिलाबाई आत आली. "बूड कापून टाक ना. वरून क्रीम लावलं का कोनाले समजते?"

"वर्षाची पोरगी खाईन हे, आई!" धम्मदीपा इतक्या जोरात ओरडली की लिलाबाई दचकलीच.

नेहमीचा बेकिंग पेपर संपला म्हणून काल तिने केनवडच्या बाजारात दौलतसिंगच्या दुकानातून कागद घेतला होता. ओव्हनमध्ये चालतो तोच पाहिजे, असं बजावून घेतला होता. "तोच हाय ताई, बिनधास्त घेऊन जा," असं तो म्हणाला होता. ते आठवून तिचं डोकं आणखीच फिरलं. तिने केक ताटात घातला, चपला सरकवल्या आणि तडक दुकान गाठलं.

दुकानात दोन-चार बायका खरेदीला आल्या होत्या. दौलतसिंगची चिमुरडी नात गल्ल्याजवळ बसली होती. धम्मदीपाने ताट काउंटरवर आदळलं.

"हा कोनता कागद देला तुमी मले?"

दौलतसिंगने ताटाकडे नुसतं पाहिलं. "बटर पेपर. काहून?"

"मेनाचा कागद हाय हा! मिठाई गुंडाळाचा. भट्टीत घातल्यावर मेन वितळते याचं."

"आच जास्त झाली असन ताई. नवीन नवीन असंच होते." तो बाकीच्या बायकांकडे बघून हसला. एक बाई पदराआड हसलीही.

धम्मदीपाने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "मी विचारलं होतं तुमाले. ओव्हनमंदी चालते का म्हून. हो म्हनलं का नाही तुमी?"

"म्हनलं असन. मले काय मालूम ओव्हनचं? थोडंसं मेन पोटात गेल्यानं कोनी मरत नाही. पैसे वापस घ्या अन् जा."

"पैसे नाही पाह्यजे मले!"

तेवढ्यात नातीने हात लांबवून केकचा तुकडा उचलला. दौलतसिंगने झपकन तिच्या हातावर चापट मारली आणि तुकडा खाली पाडला. पोर रडायला लागली.

"काहून?" धम्मदीपाचा आवाज आता खाली आला होता. "खाऊ द्या ना तिले. कोनी मरत नाही म्हनता ना तुमी? का फकत दुसऱ्याच्याच लेकराले चालते?"

पदराआड हसलेल्या बाईने पिशवीतला तसलाच कागद काढून काउंटरवर ठेवला. "हा ठेवा तुमचा," ती म्हणाली. दौलतसिंग खाली मान घालून नातीचा हात पुसत राहिला. त्याने माफी काही मागितली नाही. त्या कागदाचा गठ्ठा मात्र उचलून मिठाईच्या खोक्यांजवळ नेऊन ठेवला.

धम्मदीपा घरी आली तेव्हा लिलाबाईने एका डब्याला आतून तूप चोळून वर मैदा भुरभुरला होता. "एकच होईन. तेवढंच सामान उरलं," ती म्हणाली. मघाच्या ओरडण्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. धम्मदीपा केकचं मिश्रण कालवायला बसली.

संध्याकाळी मंजू आली आणि केक बघून तिचं तोंड उतरलं. "दोन थराचा सांगतला होता ना मी? पाहुने आले घरी."

धम्मदीपाने तिला सगळं सांगितलं आणि खराब झालेला केक दाखवला. मंजूने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला लागलेलं मेण तिने निरखून पाहिलं.

"हे माह्या पोरीच्या पोटात गेलं असतं?"

"हो."

मंजूने बोट पदराला पुसलं. "उद्या मी जातो त्याच्या दुकानात. तांड्यावरच्या साऱ्या बायका घेऊन जातो," ती म्हणाली आणि एका थराचा केक छातीशी धरून बाहेर पडली.