कांचन भागवत हजर आहे का

भोपाळात पिपलानीच्या क्वार्टरात राहणाऱ्या रत्नप्रभा टेंभेला त्या आठवड्यात कोणी पाच मिनिटं स्वस्थ बसलेलं पाहिलं असेल तर शपथ. दूध गॅसवर ठेवायची, गॅलरीत जायची, तिथे कशाला आलो ते विसरून परत यायची, तोवर दूध ओट्यावर. मग ओटा पुसायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

कारणच तसं होतं. ती कारखान्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. टाउनशिपमधल्या निम्म्या लोकांचं रक्त तिच्या हाताने काढलेलं, आणि काचेवर मलेरिया सापडला की आजारी माणसाला विसरून ही बाई क्षणभर खूश व्हायची, इतका तिचा त्या मायक्रोस्कोपवर जीव. आता नवा नियम आला होता. हा महिना संपला की रिपोर्टवर फक्त नोंदणी झालेल्या टेक्निशियननेच सही करायची. नोंदणी नसेल त्याने बाहेरच्या खिडकीवर बसून चिठ्ठ्या फाडायच्या. चौदा-पंधरा वर्षं सह्या केल्यावर चिठ्ठ्या फाडायच्या.

तशी डिप्लोमाची काही अडचण नव्हती. चांगला उज्जैनचा, पहिल्या वर्गाचा डिप्लोमा. फक्त तो होता कांचन भागवत या मुलीचा. ती मुलगी लग्न करून भोपाळला आली, ताटातल्या तांदळात नवऱ्याने, सुभाषने, अंगठीने नाव लिहिलं, आणि ताट उचलून आत नेलं तेव्हा बाहेर रत्नप्रभा टेंभे बसली होती. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही. ती कामावर रुजू झाली तेव्हाचे साहेबही मराठीच होते, त्यांच्या घरातही असं ताट फिरलेलं, त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

पण नोंदणीच्या ऑफिसात ताटबीट कोणाला ठाऊक. अरेरा कॉलनीतल्या त्या ऑफिसात श्यामबाबू नावाचे हेडक्लार्क होते. त्यांनी तिचं नाव बदलल्याचं ॲफिडेव्हिट उलटसुलट करून पाहिलं.

"सरनेम बदला, ठीक है. लेकिन मॅडम, नाम कैसे बदल गया?"

"हमारे में बदलते हैं," ती म्हणाली.

"आपके में आदमी का भी बदलते हैं?"

नोंदणी डिप्लोमावरच्या नावानेच होईल, असं सांगून त्यांनी तिला शुक्रवारी मूळ कागद घेऊन हजर राहायला सांगितलं.

आणि शुक्रवारी घोटाळा झाला. व्हरांड्यात बाकावर ही बसलेली, मांडीवर फाइल, जीव टांगणीला. आतून शिपाई नावं पुकारत होता. कुणी जबलपूरचा उठला, कुणी सागरची उठली. मग पुकारा झाला, "कांचन भागवत." कोणी उठलं नाही. पुन्हा झाला. तेव्हा या बाईने काय करावं? मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. बिचारी कुठे चहाला गेली की काय, असंसुद्धा तिच्या मनात आलं.

व्हरांडा रिकामा झाला तेव्हा ती खिडकीशी गेली. "मेरा नंबर?"

श्यामबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "कांचन भागवत? दो बार बुलाया. आप सामने बैठी रहीं. मैं देख रहा था."

तिने डिप्लोमा खिडकीतून पुढे केला.

"अपना नाम सुनकर कोई बैठा रहता है?" ते हळूच म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "मॅडम, दूसरे के डिप्लोमा पर नौकरी करनेवाले हमने बहुत देखे हैं."

तिने नवऱ्याला आणते म्हटलं. पती तर हो म्हणणारच, ते म्हणाले. आईवडील? आईवडील राहिले नव्हते, आणि उज्जैनचं घर विकून भाऊ कधीच परदेशी गेला होता. शेवटी श्यामबाबूंनी फाइल बंद करून सांगितलं, "जिन्होंने नाम बदला, उनको लाइए. सोमवार को. उसके बाद मैं कुछ नहीं कर सकता."

नाव बदललं होतं सासूबाईंनी. शशिकलाबाईंनी. आता आली का पंचाईत? या बाई टाउनशिपच्या हळदीकुंकवाला जायच्या तरी सुभाषला स्कूटर काढायला लावायच्या, आणि आपण काही चुकलो हे त्यांनी जन्मात कबूल केलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी ठेवलेलं नाव पुसायला मीच जायचं का?" आणि जपाची माळ घेऊन बसल्या.

शनिवार-रविवार त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सुभाष आपला पेपरमागे. रत्नप्रभाने त्याला न्हाणीघराशी गाठलं.

"मला कांचन म्हणून हाक मारा."

"काय भलतंच."

"मारा हो. मला सवय व्हायला हवी. परत नाही उठले तर?"

त्याने दाराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि शेजारणीला हाक मारावी तसं अवघडून म्हणाला, "कांचनबाई." तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. माझंच नाव आणि मला लागू पडत नाही, हे काय होऊन बसलंय, असं तिला झालं. दिवसभर ती मनातल्या मनात स्वतःला पुकारत होती. भाजी चिरताना कांचन, कपडे वाळत घालताना कांचन. ओळखीची वाटायची, पण फार लांबची.

सोमवारी सकाळी ती एकटीच निघायच्या तयारीने चपला घालत होती. बघते तर सासूबाई इरकल नेसून दारात उभ्या.

"रिक्षा सांग. बसमध्ये माझे गुडघे दुखतात."

रिक्षा निघाली. मग शशिकलाबाई बाहेर बघत म्हणाल्या, "तुला वाटत असेल, पत्रिका बघून ठेवलं नाव. पत्रिकाबित्रिका काही नाही. माझ्या पुण्याच्या थोरल्या जाऊबाई, त्यांचं नाव कांचन. फार छळलं त्यांनी मला. सुटका करून घ्यायला यांची बदली इतक्या लांब मागून घेतली. आणि सून आली ती कांचन. उठल्यापासून निजेपर्यंत पुन्हा तेच नाव घ्यायचं? मी म्हटलं, नको."

रत्नप्रभाला अशी तिडीक आली की रिक्षा थांबवून उतरावं. एवढ्यासाठी? हिला आपल्या जावेचा राग, आणि नाव गेलं माझं? शाळेत बाईंनी हजेरीत घेतलेलं, वडिलांनी अंगणातून मारलेल्या हाकेतलं. तिला सासूचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली.

सासूबाईंनी रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं.

व्हरांड्यात तोच बाक. या वेळी तिने कान नुसते टवकारून ठेवले होते. पण माणसाचं बघा कसं असतं. रागाने डोकं असं तापलेलं, त्यात घर, जाऊ, पुणं सगळं फिरत होतं. शिपायाने "कांचन भागवत" पुकारलं आणि ती पुन्हा बसूनच राहिली. तिच्या दंडावर बोटं रुतली.

"हजर आहे," शशिकलाबाई मराठीतच बोलल्या. मग सुनेकडे वळून सावकाश म्हणाल्या, "कांचन, ऊठ. तुला बोलावतायत."

ती उठली.

आत श्यामबाबूंनी म्हातारीला आधी खुर्ची दिली. मग विचारलं, हिला तुम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिचं नाव काय होतं?

"कांचन. उज्जैन में देखने को गए थे. पोहे किए थे इसने. नमक ज्यादा था."

"फिर नाम किसने बदला?"

"हमने."

"इनसे पूछा था?"

शशिकलाबाईंनी पदर सारखा केला. त्यांच्या हिंदीला कधी वळण नव्हतं, पण त्या दिवशी ती कुठे अडली नाही. "नहीं पूछा. पूछना मंगता था. हमको भी किसी ने नहीं पूछा था, तो हमको लगा पूछते नहीं."

श्यामबाबूंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी फाइल ओढली, सही केली, शिक्का मारला आणि कागद कांचन भागवतच्या पुढे सरकवला. बाहेर आल्यावर तिने कागद फाइलमध्ये ठेवला. राग गेला नव्हता, पण आता तो एकट्या सासूवर राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या लॅबमध्ये नेहमीची रांग होती. उपाशीपोटी साखर तपासायला आलेले म्हातारे, कडेवर रडकी पोरं. त्या रांगेत शशिकलाबाई. त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, तरी आल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत थांबल्या, खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली.

तिने सुई जोडली, कापूस घेतला. नळीवर लिहायला पेन उचललं आणि रोज सगळ्यांना विचारते तसं, मान वर न करता विचारलं, "नाव?"

उत्तर आलं नाही म्हणून तिने वर पाहिलं. सासूबाई मागे वळून रांग बघत होत्या, कोणी ओळखीचं ऐकत तर नाही ना अशा. मग पुढे वाकल्या.

"सुमित्रा," त्या म्हणाल्या.

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. इतकी वर्षं एका घरात, एका ओट्याशी, आणि हे नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

"आता बघतेस काय," सासूबाई दंड पुढे करत म्हणाल्या. "नळीवर शशिकलाच लिही. नाहीतर औषधं मिळायची नाहीत. रिपोर्टखाली सही मात्र तुझी कर."